आबा गुऱ्हाळ बंद का करत नाहीत? एका दीर्घकथेचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात आम्ही सातआठ जण महिन्यातून दोन रविवारी एकाच्या घरी जमतो आणि एकमेकांचं लिखाण मोठ्यानं वाचतो. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी कॉलेजात शिकवणारं, एक काका कृषी खात्यात नोकरी केलेले. या प्रकरणातल्या लेखिकेला मी नुसतं 'ताई' म्हणणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचं माहेर पन्हाळा तालुक्यातलं. घरचं गुऱ्हाळ होतं, ते आता नाही. वडील जाऊन काही वर्षं झाली. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी पहिल्यांदाच मोठं काही लिहायला घेतलं, गुऱ्हाळावरची दीर्घकथा. पहिला खर्डा अठ्ठावीस पानांचा होता. गोष्ट अशी: आबा दरवर्षी तोटा सोसून गुऱ्हाळ लावतात. मुलगा, म्हणजे दादा, म्हणतो की ऊस कारखान्याला घालू, एफआरपीप्रमाणे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं, बिल बँकेत जमा होईल, रात्र रात्र चुलवाणापुढं, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीपुढं, बसायला नको. आबा ऐकत नाहीत. भांडणं होतात, कर्ज वाढतं. शेवटी आबा आजारी पडतात, दादा काहील (रस उकळायची मोठी कढई) भंगारात विकतो आणि आबा टेम्पो जाताना बघत बसतात.

लिखाणात माहिती ठासून भरलेली होती. रसातली मळी वर यावी म्हणून भेंडीचं पाणी कसं घालतात, उतू जाऊ लागलं की तेलाचा शिडकावा कसा देतात, वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या जागेत, तो कसा घोटतात, हे सगळं हाताखालून गेलेलं असल्याशिवाय लिहिता येत नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर एक अख्खं पान होतं. शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेवर दोन.

अडचण

वाचन संपलं आणि कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, "पण आबा गुऱ्हाळ बंद का करत नाहीत?"

ताई म्हणाल्या, "ते हट्टी आहेत."

थोड्या वेळानं दुसऱ्या कुणी तेच वेगळ्या शब्दांत विचारलं. ताई म्हणाल्या, "परंपरा असते हो घराची."

सगळी अडचण या दोन उत्तरांत होती, पण तेव्हा ती आम्हाला नीट पकडता आली नाही. हट्टी हे विशेषण आहे. माणूस कसा दिसतो ते त्यातून कळतं, तो तसं का करतो ते कळत नाही. परंपरा हे तर गावातल्या सगळ्यांचं कारण. शेजारच्या गुऱ्हाळवाल्यालाही परंपरा होती आणि त्यानं दहा वर्षांपूर्वी काहील विकून टाकली. मग आबांनीच का विकली नाही? अठ्ठावीस पानांत आबा सोळा वेळा 'नाही' म्हणतात (मी नंतर मोजलं), आणि सोळाही वेळा ते 'नाही' एकसारखंच आहे. पहिल्या नकारानंतर वाचकाला पुढचे पंधरा आधीच ठाऊक असतात.

दिवाळी अंकाच्या एका संपादकांनीही कथा परत पाठवली. पत्रात एकच ओळ होती, वातावरण उत्तम, माणूस दिसत नाही.

पहिले उपाय, आणि ते का फसले

पुढच्या तीन महिन्यांत आम्ही तीन उपाय विचारात घेतले. त्यांतले दोन मी सुचवले होते, म्हणून ते फसल्याची जबाबदारीही माझी.

पहिला उपाय पूर्वायुष्याचा. मी म्हटलं, आबांच्या बालपणात जा, तिथं काही सापडेल. ताईंनी मरणशय्येवरचा बाप लिहिला आणि त्याला दिलेला शब्द लिहिला, "चुलवाण इझू देऊ नगं." पानं सदतीस झाली. प्रसंग वाचताना दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे उपाय लागू पडला असं आम्हाला वाटलं. पण पुढची पानं वाचताना आबा होते तिथंच होते. शब्द दिलाय म्हणून पाळतात, एवढंच. चाळीस वर्षांपूर्वीची आज्ञा आबांना ढकलत होती, त्यांना स्वतःला पुढं काहीच नको होतं. मागून ढकललं जाणारं पात्र आणि समोर काहीतरी दिसतंय म्हणून चालणारं पात्र यांच्या चालण्यात फरक असतो आणि तो वाचकाला लगेच कळतो.

दुसरा उपाय प्रश्नावलीचा. पात्राला काय खायला आवडतं, कशाची भीती वाटते, खिशात काय असतं, असे साठेक प्रश्न मी ताईंना दिले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं इमानदारीनं लिहून आणली. आबांना तांबडा रस्सा आवडतो आणि कोपरीच्या खिशात चंची असते, हे कळलं. गुऱ्हाळ का बंद करत नाहीत, ते कळलं नाही. दोन आठवडे गेले.

तिसरा उपाय कृषी खात्यातल्या काकांनी सुचवला. २०१९ चा महापूर आणा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ऊस पाण्याखाली कुजला. गोष्टीत एवढी मोठी घटना आली तर ती हलेल, असं त्यांचं म्हणणं. याला मात्र मी तेव्हाच विरोध केला आणि ते योग्य होतं असं आजही वाटतं. पूर आबांचंही गुऱ्हाळ बंद पाडतो आणि शेजाऱ्याचंही. त्यानं गोष्टीचा शेवट होतो, पण आबा आहेत कोण, या प्रश्नाला तो हात लावत नाही. महापुरातही माणूस कळतो, नाही असं नाही. नाव आली तेव्हा तो आधी काय उचलतो त्यावरून कळतो. पण त्यासाठी त्याला काय हवंय हे लेखकाला आधी ठाऊक असावं लागतं.

वळण: एक शब्द

त्याच बैठकीत काकांनी जाता जाता विचारलं, "ताई, तुमच्या आबांच्या गुळात पावडर घालत होते का?"

गुऱ्हाळाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो. उकळत्या रसात हायड्रोस पावडर टाकली की गुळाचा तांबूस रंग जाऊन पिवळाधमक रंग येतो. सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, पिवळ्या गुळाला जास्त दर मिळतो, म्हणून ती घालतात. खाणाऱ्याच्या दृष्टीनं ती घालणं चांगलं नाही हे घालणाऱ्यालाही माहीत असतं.

ताई फार पटकन म्हणाल्या, "आमच्यात कधीच नाही."

प्रश्न गोष्टीतल्या आबांबद्दल होता. उत्तर 'आमच्यात' असं आलं. इतके दिवस त्या 'आबा', 'ते', 'गोष्टीत' असं बोलत होत्या. पहिल्यांदाच गोष्ट आणि घर यांमधली भिंत पडली, आणि ती नेमकी या प्रश्नावर पडली.

इथं मला ठरवायचं होतं की तिथंच विचारावं, एकटीला विचारावं, की गप्प बसावं. सगळ्यांसमोर विचारणं मला बरं वाटलं नाही. मी रंकाळ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो आणि काठावर उभं राहून विचारलं, "पावडरीचं काही आहे का ताई? असेल तर कदाचित गोष्ट तिथंच आहे."

त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या. म्हणाल्या, "सर, गोष्ट लिहायला आलोय मी. बापाचा पंचनामा करायला नाही. मी जातो आता." (कोल्हापुरात बायकाही 'जातो'च म्हणतात.) पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत.

काय केलं

त्या मधल्या दिवसांत ताई एक काम करून आल्या, ते मला नंतर कळलं. त्या माहेरच्या शेजारच्या गावातल्या चालू गुऱ्हाळावर गेल्या आणि संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत एका पोत्यावर बसून राहिल्या. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवून. त्यांच्या वहीतल्या नोंदी मी वाचल्या आहेत.

गुळव्या, म्हणजे गूळ काढणारा कारागीर, साठीच्या आसपासचा. चुलव्या, म्हणजे भट्टी सांभाळणारा, खाली चिपाडं सारतोय. आधण, म्हणजे काहिलीतला रस, उकळायला लागल्यावर गुळव्या काहिलीपासून हलत नाही. पाक जवळ आला की थोडा उलथन्यावर घेतो, गार पाण्याच्या बादलीत सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि बादलीच्या कडेवर मारतो. आवाज ऐकतो. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी 'टण्ण' असा आवाज आला तेव्हा त्यानं हात वर केला आणि चार माणसं काहील उतरवायला धावली. यात ताईंनी एक गोष्ट टिपली, ती माझ्या मते वहीतली सगळ्यात मोलाची ओळ: "गोळी मारताना तो काहिलीकडं बघत नाही, मालकाकडंही नाही. डोळे मिटतो."

गूळ वाफ्यात पडल्यावर तो आपणहून त्यांच्याशी बोलला. "गूळ सगळीच करत्यात. पेठंत ढेप फोडली की कुनाचा म्हून इचारायला लागू नये, एवढंच बगायचं."

ताई घरी आल्या आणि रात्री दोन वाजता त्यांनी मला मेसेज पाठवला. पावडर घातली होती, आबांनी स्वतः, असं त्यात होतं.

ताईंचे आबा, म्हणजे त्यांचे खरे वडील, गुळासाठी पंचक्रोशीत नावाजलेले. पेठेत त्यांची ढेप बघून व्यापारी दर बोलायचा, नाव विचारायचा नाही. मग दोनतीन हंगाम तांबूस माल मागं पडायला लागला. एका रात्री आबांनी गुळव्याला चहा आणायला पाठवलं आणि काहिलीत पावडर टाकली. त्या मालाला दर चांगला मिळाला. अडत दुकानात व्यापारी म्हणाला, "आबा, आजचा माल तुमच्या नावासारखा."

ताई तेव्हा कॉलेजात होत्या, सुट्टीला आलेल्या. त्यांनी ते बघितलं होतं आणि कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

हे कळलं आणि सोळा नकारांचा अर्थ बदलला. आता गुऱ्हाळ बंद केलं तर पेठेच्या आठवणीत राहणारा आबांचा शेवटचा नावाजलेला गूळ खोटा असेल. त्यांना गुऱ्हाळ टिकवायचं नव्हतं आणि परंपराही नाही. पावडर न घालता तसाच एक माल काढायचा होता आणि व्यापाऱ्याकडून तेच वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. दादाला हे सांगता येत नाही, कारण सांगायचं तर पावडरीचं सांगावं लागेल. म्हणून ते फक्त 'नाही' म्हणतात. दादाला तो हट्ट वाटतो, आणि पहिल्या खर्ड्यात तो लेखिकेनंही हट्टच मानला होता.

नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. त्यांतला आरंभ म्हणजे पहिली घटना नव्हे, फळाबद्दलची उत्सुकता. नायकाला फळ हवंसं वाटलं की गोष्ट सुरू होते. अठ्ठावीस पानांत घटना पहिल्या पानापासून होत्या, आरंभ नव्हता. आणि भाव दाखवायचा तर अनुभावांतून, म्हणजे अंगावर, हातावर, नजरेत जे उमटतं त्यातून, हेही तिथलंच. गुळव्याचे मिटलेले डोळे हा अनुभाव. ताईंनी तो उचलून आबांना दिला.

दुसरा निर्णय: पावडर कुणी घातली?

ताईंना एवढं लिहायचं ठरवायलाही वेळ लागला. त्यांनी आधी दोन आडवाटा चाचपल्या.

एका मसुद्यात गुळव्यानं परस्पर पावडर घातली आणि आबांनी ती चूक आपल्या अंगावर घेतली. वाचायला छान होतं. मी स्पष्ट सांगितलं की हा मजुरावर अन्याय आहे. मालकाचा दोष हाताखालच्या माणसावर ढकलायचा आणि वर मालकाला थोर करायचं. शिवाय त्यानं आबांचा हेतूच पुसला जातो. दुसऱ्याच्या चुकीचं ओझं वाहणारा माणूस एक आधण शुद्ध काढण्यासाठी पाच वर्षं तोटा सोसत नाही.

दुसऱ्यात दादानं दरासाठी घातली. मग आबा बरोबर, दादा चूक, आणि बापलेकांचं भांडण म्हणजे चांगल्यावाईटाचा खटला. ताईंनाच ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "दादाचं तर सगळं खरंच होतं. तोटा होतच होता."

तेव्हा मी एक गोष्ट बोललो, ती बोलायला हवी होती असं आजही वाटतं. आबांना काय हवंय हे इतके महिने सापडत नव्हतं, कारण लिहिताना ताईंना स्वतःला काहीतरी हवं होतं. आबा निष्कलंक राहावेत असं त्यांना हवं होतं. प्रत्येक प्रसंगात त्या आबांच्या पुढं उभ्या राहायच्या, आणि मग आपल्याला दिसायच्या त्या ताई.

शेवटी आबांनीच घातली, असं लिहिलं. प्रसंग नवव्या पानावर आला. चहाला पाठवलेल्या गुळव्याची पाठ अंधारात दिसेनाशी होईपर्यंत आबा थांबतात. कागदाची पुडी सोडतात. चमच्यानं पावडर काहिलीत टाकतात. माचिस ओढल्यासारखा वास येतो आणि तपकिरी रस बघता बघता उजळतो. गुळव्या परत येतो, काहिलीत बघतो, आबांकडं बघतो आणि चहाचा कप त्यांच्या हातात देतो. संवाद एकही नाही.

या प्रसंगानंतरची पानं ताईंनी जवळजवळ बदललीच नाहीत. दादाशी होणारं मोठं भांडण शब्दाला शब्द तेच राहिलं. पण आता आबा 'नाही' म्हणतात तेव्हा वाचक दोन वाक्यं ऐकतो, एक म्हटलेलं आणि एक गिळलेलं. बापाला दिलेला शब्द, मानांकनाचं पान आणि पेठेचा इतिहास मात्र निघून गेला.

शेवटही फिरला. टेम्पोत चढणारी काहील गेली. त्याजागी आबा पावडर न घालता आधण काढतात, गूळ तांबूस उतरतो, ते तो सौद्याला नेतात. व्यापारी ढेप फोडतो, खडा फिरवून बघतो आणि विचारतो, "आबा, हा माल तुमचाच का?" आबा म्हणतात, "माझाच." गोष्ट तिथं संपते.

भावाला वाचून दाखवणं

छापायला देण्याआधी भावाला विचारायचं की नाही, यावर आमचे मतभेद होते. कॉलेजातल्या मुलीचं मत होतं की परवानगी मागितली की लेखक हात आखडतो. मला वाटत होतं, नावं बदलली तरी गाव बदलत नाही, भाऊ तिथंच राहतो, त्याला अंकातून कळू नये. ताईंनी संपूर्ण कथा त्याच्या घरी जाऊन, सोप्यात बसून वाचून दाखवली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एक चुकलंय तुझं. आबा चमचा घेत नव्हते. मुठीनं घालायचे."

ताईंनी हे मला फोनवर सांगितलं आणि दोघंही थांबलो. 'घातली' नाही, 'घालायचे'. म्हणजे ती एकच रात्र नव्हती. आणि भावालाही ते माहीत होतं, इतकी वर्षं, बहिणीला कळू न देता.

काय झालं

कथा सुमारे नऊ हजार शब्दांची झाली होती. दुसऱ्या एका दिवाळी अंकानं ती सात हजारांवर आणायची अट घालून घेतली. काटछाटीत दादाच्या लग्नाचा भाग गेला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. चमच्याची मूठ झाली. छापून आल्यावर ताईंना पत्रं आली, फोन आले. त्यांतला कागल बाजूच्या एका गुऱ्हाळमालकाचा फोन त्या अजून सांगतात. तो गोष्टीबद्दल काही बोललाच नाही, स्वतःच्या मालाबद्दल अर्धा तास बोलला.

पुन्हा करायचं झालं तर

पूर्वायुष्य शोधायला मी इतक्या लवकर सांगणार नाही. आधी विचारेन की या माणसाला येत्या महिन्यात काय घडलेलं बघायचंय, आणि ते कुणापासून लपवायचंय? प्रश्नावली मी देणं बंद केलं आहे. त्याऐवजी पात्र जे काम करतं ते चालू असताना जाऊन बसायला सांगतो, न बोलता. ताईंना साठ उत्तरांत मिळालं नाही ते एका आधणात मिळालं.

रंकाळ्याच्या काठावर मी घाई केली. 'आमच्यात' हा शब्द ऐकू येणं ठीक होतं, पण त्याच दिवशी त्यावर बोट ठेवायची गरज नव्हती. ताई परत आल्या हे त्यांचं मोठेपण. दुसरं कुणी आलं नसतं, आणि मग गोष्टही गेली असती, माणूसही.

एका मुद्द्यावर ताई आणि मी अजून एकमत नाही. भावाच्या 'घालायचे'नंतरही त्यांनी गोष्टीत एकच रात्र ठेवली. त्यांचं म्हणणं, पुन्हा पुन्हा घालणाऱ्या माणसाला ते एक वाक्य परत मिळवायची ओढ राहणार नाही, सवय होऊन जाईल. मला उलट वाटतं. दर हंगामात मूठ भरणारा आणि तरी दर हंगामात पुढच्या वेळी नाही असं म्हणत चुलवाण पेटवणारा आबा जास्त खरा झाला असता, आणि शेवटचं 'माझाच' जास्त जड. पण तो आबा लिहायला बापाला आणखी एक पाऊल लांबून बघावं लागलं असतं. ते पाऊल कधी टाकायचं हे मी ठरवू शकत नाही.

ताई सध्या चुलव्यावर लिहितायत. त्याला काय हवंय ते अजून कळलेलं नाही. मागच्या रविवारी त्यांनी अर्धंच पान आणलं होतं. आधण उतरलं की सगळे पाण्याच्या नांदीवर हात धुवायला धावतात, आणि हा सगळ्यांचे हात धुऊन होईपर्यंत लांब उभा राहतो, एवढंच त्यात होतं.